मागाचा खड्डा

चेकोस्लोव्हाकिया
९ ऑक्टोबर १९७८

प्रिय सिंधूताई,

तब्येत बरी आहे. कोराडीच्या वीज केंद्रातून आम्ही सहा जण आलो, पण इथल्या जेवणाला एकही सरावला नाही. तू दिलेला ठेचा आठवड्यातच संपला, आणि त्यात आमच्यातल्या शरच्चंद्राचा हात माझ्यापेक्षा मोठा होता. टर्बाइनचं शिक्षण चांगलं चाललंय.

काल रविवार म्हणून आम्हाला जुना किल्ला दाखवायला नेलं. किल्ला कसला, नुसती पडझड. छप्पर नाही, बुरूज अर्धा, आत गवत. आपल्याकडे हे दगड लोकांनी केव्हाच घरी नेले असते. इथे तिकीट लावून जपतात. एकच खोली शाबूत होती, तिच्यात दोरीच्या आड एक हातमाग. एक म्हातारी तो चालवून दाखवत होती तर ताण्याचा उभा धागा तुटला. तिला गाठ जमेना. मी दोरी ओलांडून कधी गेलो, कळलंच नाही. तू शिकवलेली गाठ, दोन बोटांत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुभाष्यानं विचारलं, कुठे शिकलात? मी म्हणालो, पुस्तकात वाचलं होतं. ताई, तुझं नाव माझ्या तोंडून निघालं नाही.

माझं लग्न ठरवायला इंदूच्या माहेरचे घर बघायला येणार होते तो दिवस आठवतो ना? खुर्च्या मांडायला जागा हवी म्हणून मी माग सोडवून माळ्यावर टाकला, आणि तू पाय सोडून मागाच्या पावड्या दाबायचीस तो खड्डा मुरुमानं बुजवला. तू एवढंच म्हणालीस, "बुजव गा. पण आता मी पाय कुठी ठेवू, तेवढं सांग मले." मी हसण्यावारी नेलं. लग्न झालं, आणि ज्या मागाच्या कमाईवर तू मला शिकवलंस तो गेल्यावर तू वाडीच्या गोदामात पोती शिवायला जाऊ लागलीस.

हे पत्र तुला इंदूच वाचून दाखवत असणार. तिला मी सांगितलं होतं, ताईचे डोळे अधू झाले म्हणून माग बंद केला. इंदू, ते खोटं होतं. आपलं घर विणकराचं, कोष्ट्याचं आहे हे मला दिसू द्यायचं नव्हतं. ताईनं मला कधी उघडं पाडलं नाही. थांबू नकोस, पुढचं वाच.

ताई, वीस तारखेला पोचतो. खुर्च्या बाहेर काढून ठेवा. मजूर लावू नका, मुरूम मीच उपसणार. तुला पुन्हा विणायचं नसेल तर विणू नकोस. पण काठावर बसून एकदा पाय सोड आणि किती खोल खणू ते सांग. बुजवताना मी माप घेतलं नव्हतं.

तुझाच,
ईश्वर