लाल रेघेवरचं वाक्य

अहो,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. मी ताईकडे जातेय.

औषधाच्या खोक्यातल्या सूचना तपासताना जे वाक्य दोन तऱ्हांनी वाचता येतं, त्याखाली लाल रेघ ओढून मी ते लिहिणाऱ्याकडे परत पाठवते. आपण अंदाज बांधायचा नाही, असा आमच्या ऑफिसात दंडक आहे.

परवा मी विचारलं, बाहेरगावची बदली घेऊ का? पेपरातून डोकं वर न काढता तुम्ही म्हणालात, "तुला हवं तसं कर." हा विश्वास की कंटाळा, याचा अंदाज बांधत मी या घरात एकटीच फिरतेय.

ते वाक्य वर लिहिलंय, त्याखाली रेघ ओढलीय. तुमच्याकडे परत पाठवतेय. सोमवारी मला ऑफिसात उत्तर द्यायचंय.

दोन शब्द लिहिलेत तरी पुरे. कुठले दोन, ते मी सांगणार नाही.