तिसऱ्या डब्यातलं तेल

बेटेगाव, बोईसरजवळ
१४ फेब्रुवारी १९६७

प्रिय आत्माराम,

‘प्रिय’ लिहिलं ते पत्राची रीत म्हणून. खांद्याचं हाड जुळत आलं असेल. आई तुला रोज डबा नेऊन देते असं तिने कळवलंय, म्हणजे तुझं उत्तम चाललंय. विमान दुसऱ्याच्या वालाच्या शेतात नाकावर उभं करायचं आणि आपण बडोद्याला जाऊन माझ्याच आईच्या हातचा शिरा खायचा. इथे मी चार आठवडे त्या शेतात पेंढ्याच्या मांडवाखाली इंजिन सोडवत बसलोय. येणारा-जाणारा विचारतो, उडवनारा कुठं हाय. मी सांगतो, तो दमला, त्याला घरी पाठवलाय.

तुझा परवाना राहतो की जातो ते वीस तारखेला मुंबईच्या चौकशीत ठरणार, आणि माझ्या जबानीवर ठरणार, हे तुला ठाऊक आहेच. पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, इंजिनाला पाना लावायच्या आधी, मी लिहून दिलं: सुरतेहून उडताना वैमानिक तेलाची तोटी उघडायला विसरला, इंजिन कोरडं चाललं आणि जाम झालं. खरं तर मी पाहिली तेव्हा तोटी उघडी होती. मी म्हटलं, पडल्यावर तूच ती हळूच उघडली असशील. ज्याला स्वतःच्या सायकलच्या चेनला तेल घालायची आठवण राहत नाही, त्याच्याबद्दल दुसरं काय मनात येणार? तुझ्याविषयी माझं मत पंधरा वर्षं हेच आहे आणि ते मी कधी लपवलं नाही.

त्या संस्थानिकाच्या अडगळीतून आपण हे पहिल्या महायुद्धातलं इंजिन उचललं, तेव्हा तू त्याला टेकून फोटो काढून घेतलास आणि मी नऊ सिलिंडरांचा गंज खरवडत बसलो. पुढे माझ्या परसात विमानाच्या पंखांना कापड ताणताना तू काय करायचास, तर गल्लीतल्या लोकांना माहिती द्यायचास. या इंजिनात दांडा जागचा हलत नाही, सिलिंडरच पंख्यासकट गरगर फिरतात, एवढं तुझ्या डोक्यात शिरायला दोन महिने लागले. त्याला एरंडेलच का लागतं, ते तर अजून शिरलं नसेल. पेट्रोलात विरघळणार नाही असं तेल लागतं, म्हणून. जळून उरलेलं तुझ्या तोंडावर उडतं आणि उतरल्याबरोबर तू तांब्या घेऊन पळतोस, एवढाच तुझा त्या तेलाशी संबंध.

इथली माणसं तुझ्यापेक्षा बरी असतील असं वाटलं होतं. कसलं काय. तिकडे तारापूरला अणूतून वीज काढणार म्हणून एवढं मोठं बांधकाम काढलंय, आणि बोईसरच्या बाजारात मला एक धड पाना मिळेना. बांधकामावरचा एक फोरमन मुद्दाम बघायला आला, सिलिंडर हाताने फिरवून पाहिले, ‘ये तो पूरा उलटा है’ म्हणाला आणि हसत निघून गेला. मी त्याला काही समजावायच्या भानगडीत पडलो नाही. दोन पिस्टन सिलिंडरांत जाम होऊन बसले होते. नव्या रिंगांसाठी चांगलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कुठून आणावं, ही पंचाईत. शेवटी दातिवऱ्याच्या रामू तांडेलाने होडीच्या इंजिनातला जुना लायनर, सिलिंडरच्या आतली बिडाची नळी, काढून दिला, तोही ‘आमी तर समिंदरात बुडतो, तुमी वरशी पडताव’ एवढं ऐकवून. बोईसरला एकाच्या लेथवर मी त्यातून रिंगा कापल्या आणि तीनदा घासून बसवल्या. तुझा हात त्याला लागला नाही म्हणून काम नीट झालं.

शेत जिवल्याचं आणि त्याच्या बायकोचं, नवसीचं. जिवल्या वीटभट्टीवर गेलाय. तू वालाचे चार वाफे चिरडून ठेवलेस, उरलेल्या शेंगा ती एकटी तोडते आणि अधूनमधून माझ्याकडे बघून हसते. तिला मी अडाणी म्हणून सोडून दिलं होतं. शनिवारी तिने दिव्यापुरतं तेल मागितलं. एरंडेलाच्या तिसऱ्या डब्यात अर्ध्याच्या वर उरलं होतं, दुरुस्त झालेल्या इंजिनात तेच ओतायचं ठरवून मी जपून ठेवलेलं, पण दिलं वाटीभर. रविवारी सकाळी तीच वाटी तिने माझ्यासमोर आणून आपटली. म्हणाली, तुजा तेल कच्चा हाय, पानी नाय आटलं त्यातलं, दिवा नुसता तडतडते. ही बाई दरवर्षी मोहाच्या बियांचं तेल काढते. मी तिला म्हटलं, तुला काय कळतंय इंजिनाच्या तेलातलं. तिने चुलीतल्या निखाऱ्यावर एक थेंब टाकला आणि बाजूला झाली.

तो तडतडला. मी पुन्हा टाकला, पुन्हा तडतडला. मग डबा फडक्यातून गाळला. तळाशी पाणी होतं आणि बोटाला चिकटणारा चोथा. टाकीखालची तेलाची जाळी मी अजून उघडली नव्हती, कारण तोटीचं कारण मला पहिल्या दिवशीच सापडलं होतं ना. ती उघडली. त्याच चोथ्याने गच्च बुजली होती. तुझी तोटी उघडी असूनही इंजिनापर्यंत थेंब पोचला नसणार.

बाजारचं तेल भेसळीचं, आपल्याला घरचंच हवं, हा हट्ट माझा. एरंड भाजून, कुटून, पाण्यात उकळून वरचं तेल काढायचं आणि मग त्यातलं पाणी पुरतं आटेपर्यंत कढवायचं, हे आई जन्मभर करत आली. पहिले दोन डबे तिने असेच दिले आणि तू बडोद्याहून सुरतेपर्यंत सुखरूप आलास. तिसरा अजून चुलीवर होता. तेवढ्यात मी तिच्यामागे लागलो, माझी सुरतेची गाडी चुकेल, आटप, काय ते तेल-तेल. तिने दोनदा सांगितलं, अजून आवाज येतोय रे. मी पातेलं स्वतः उतरवलं. सुरतेला ते टाकीत ओतताना तू म्हणालास, नागोराव, हे गढूळ दिसतंय. मी चार माणसांत तुला झिडकारलं, तू आभाळाकडे बघ, तेल माझ्या आईने कढवलंय. यावर तू गप्प बसलास आणि त्याच तेलावर उडालास. तुझं हे गप्प बसणंही मला तेव्हा बावळटपणाच वाटलं होतं.

हे कळूनही मी दोन दिवस कुणाला लिहिलं नाही, हेही सांगून टाकतो. वीस तारीख जाऊ द्यावी, तुझा परवाना जाईल तर जाऊ दे, असा विचार मी केला. काल चौकशी अधिकाऱ्याकडून तुझ्या जबानीची नक्कल आली. मला वाटलं, माझ्या नावाने खडे फोडले असशील. त्यात विचारलंय, तेल कोणी पुरवलं? तू लिहिलंयस, मीच सुरतेच्या बाजारातून घेतलं, दुकान आठवत नाही. सगळं तुला ठाऊक होतं. आई रोज तुझ्यापुढे डबा उघडून बसत होती आणि तू तिला काही कळू दिलं नाहीस, मलाही नाही. ते वाचून मला स्वतःची किळस आली, आत्माराम. आज सकाळी बोईसरच्या पोस्टातून नवी जबानी रजिस्टर्डने पाठवली. तिची नक्कल सोबत आहे, वीस तारखेला हातात घेऊन जा, टपालावर विसंबू नकोस. त्यात लिहिलंय की तोटी उघडी होती, वैमानिकाने तेल गढूळ असल्याचं बजावलं होतं, आणि मी ऐकलं नाही. तेल कोणी कढवलं, तिथे मी माझं नाव घातलंय. तेवढं एक खोटं तुझ्याकडून शिकलो.

तुझाच,
नागोराव