गोंड्यांच्या सणाला तीती हवी

तीर्थस्वरूप सेवेरिनाताईस, धाकट्या फाउस्तोचा नमस्कार (गुडघे कुरकुरतात, म्हणून उभ्यानेच). ओरूरोच्या धुळीत तुझा दमा कसा आहे? लोकरीचं दुकान जोरात चाललंय, जुळी नातवंडं झाली, हे मिठाच्या ट्रकवाल्याकडून कळलं आणि फार बरं वाटलं. आठ वर्षांत मी पत्र धाडलं नाही, यात टपालवाल्याचा काही दोष नाही. वाटणीच्या दिवशी तू आईची वाळवलेली तीती काखोटीला मारून निघालीस, तेव्हा मी जे ओरडलो ते आपल्या कळपातल्या लामांच्याही लक्षात आहे.

इकडे मी मोठा माणूस झालो आहे. रोक्साना नावाची एक पोरगी शहरातून येते. तिचं म्हणणं, तीती, आपल्या कड्यांवरचं हे रानमांजर, जगात फार थोडं उरलंय, आणि ते राखायचं तर लामा राखणाऱ्यांनीच. तिने राखणदार म्हणून मला निवडलं, कारण माझ्याइतका वेळ नुसता बसून राहणारा गावात दुसरा नाही (हे तिला तोमासाने सांगितलं, लग्नाची बायको, काय बोलणार). टोपीही मिळाली. खडकाला बांधलेल्या कॅमेऱ्यात पहिल्या महिन्यात माझेच एकोणचाळीस फोटो निघाले, बहुतेक झोपेतले.

आणि नेमकं यंदा गोंड्यांच्या सणाला तीतीवाचून अडलं (आजवर कसं भागलं, ते विचारू नकोस). कानांत गोंडे बांधताना लामांच्या पाठीवरून तीती फिरवली नाही, तर कळप वाढायचा कसा? पंच म्हणाले, "फाउस्तो, ती कुठे बसते ते तुलाच ठाऊक. एक घेऊन ये, म्हणजे झालं." गोफण घेऊन गेलो. भर दुपारी ती झऱ्यावर आली, पाणी प्याली, माझ्याकडे बघून तिने जांभई दिली. ताई, माझा हात उठला नाही. घरी येऊन म्हटलं, नेम चुकला. तोमासा म्हणाली, "गोफणीत दगड तरी घातला होतात का?" आता सणापर्यंत वाळलेली तीती मिळाली नाही तर सिरिलो जाणार आहे, आणि त्याचा नेम तू पाहिलेला आहेस. रोक्साना म्हणते, जुनी असेल तर तीच घरोघर फिरवा, नवी मारू नका. पंचांना ते पटलंय. फक्त जुनी हवी.

बाकी सर्व ठीक. जुळ्यांना गोड पापा.

तुझा,
फाउस्तो

ता. क. तुझी तीती ट्रकवाल्याबरोबर पाठव. नको, घेऊन तूच ये. लामांसमोरचं आईचं गाणं तुझ्याशिवाय कोणालाच पुरतं येत नाही.

आणखी ता. क. निघण्याआधी जरा तिची शेपटी बघ. तीतीची शेपटी जाडजूड, पट्टे रुंद. तुझ्याकडची बारीक निघेल. आईची तीती मी लपवली होती. ओरडलो ते तुला संशय येऊ नये म्हणून. इतकी वर्षं सणाला तीच बाहेर काढत होतो, पण गेल्या महिन्यात ती आमच्या कुत्र्याने खाल्ली. तुझ्याकडे आहे ती तुझीच मांजर मिची, पायाशी झोपायची ती. गारठून मेली, पण तू रडशील म्हणून कोल्ह्याने नेली असं सांगितलं, आणि मलाही तिला टाकवेना, म्हणून वाळवून ठेवली, आणि वाटणीत आईच्या तीतीच्या जागी तीच ठेवून दिली. आठ वर्षं तुझ्या घरात बरकत तिनेच आणली, तेव्हा लामांचंही भागेल. पंचांना सांगू नकोस. रागवायचं असेल तर इथे येऊन रागव.