साहेबांची मूर्ती

हमरापूर,
१७ ऑगस्ट २०२५

ती. मालूआत्यास,
दिशाचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोन करत नाही, कारण कारखान्यात बाबा शेजारीच असतात. ही चिठ्ठी पोपटकाकांच्या टेम्पोतून, रोह्याच्या मूर्तींबरोबर येईल.

माझ्यासाठी माळ्यावरची खाट उतरवलीस म्हणे. परत चढव गो आत्या. इंटर्नशिप गेली.

आमच्या कॉलेजात कंपन्या येत नाहीत. आपापली शोधा, एवढी नोटीस लागते. किती कंपन्यांच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठे रोह्याची ही एकच लॅब हो म्हणाली. तिथे टिकलं की नोकरी मिळते.

साहेबांचा फोन आला तेव्हा माझे हात रंगात होते, म्हणून बाबांनी उचलला. ते म्हणाले, सोमवारी रुजू व्हा. बाबांनी सांगून टाकलं, गणपती झाल्यावर पाठवतो. आपल्याकडे लग्नाची बोलणी, ऑपरेशन, भांडणं, सगळंच गणपती झाल्यावर. साहेब ठीक आहे म्हणाले, ते बाबांना कबुलीच वाटलं. मी फोन केला तेव्हा जागा एका खासगी विद्यापीठातल्या मुलाला देऊन झाली होती.

मला नोकरी लागणार, असं बाबा गावभर सांगत सुटलेत. त्यांना खरं सांगायला माझी जीभ उचलत नाही. तूही सांगू नकोस. इथे रडायलासुद्धा कोपरा नाही, जिथे तिथे मूर्ती.

माया आहे तशीच असू दे.
तुझी दिशा

हमरापूर,
२२ ऑगस्ट २०२५

चि. मालूस,
मोरूदादाचे अनेक आशीर्वाद.

टेम्पोतून लाल फडक्यातली मूर्ती धाडली आहे. ती दिशाच्या साहेबांची. चतुर्थीच्या आत कंपनीत पोचती कर, माणूस आपल्याला थांबला, त्याची जाण ठेवायला हवी.

डोळ्यांची आखणी दिशाच करते, हे तुला ठाऊक आहे. पण या मूर्तीला तिने ब्रश लावला नि खाली ठेवला. म्हणाली, हात कापतो, तुम्हीच आखा. आनंदाने कापत असेल. मग मीच आखले.

कारखान्यातला केरू विचारतो, पोरगी गेल्यावर आखणी कोण करणार? मी म्हटलं, कारखाना बंद पडला तरी चालेल, पण तिच्या अंगावर तो लॅबचा पांढरा कोट दिसायला हवा.

आठवण काढत जा.
तुझा मोरूदादा

मु. अष्टमी, रोहा,
२५ ऑगस्ट २०२५

चि. दिशा,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

दादाचं मन मोडवेना, म्हणून मूर्ती मांडीवर घेऊन रिक्षाने कंपनीच्या गेटवर गेले. वॉचमन म्हणाला, साहेब नाय, गणपतीला गावी गेलेत, आता गणपती झाल्यावरच या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली गो.

घरी येऊन फडकं सोडलं. एक डोळा वर, एक खाली. दादाला धड दिसत नाही, सगळी आखणी तुझ्यावरच चालते, हे तू मला कधी बोलली नाहीस. साहेबांना तो ‘गणपती झाल्यावर’ असं का बोलला, आणि तू त्याला एका शब्दानेही का दुखावलं नाहीस, ते आता कळलं. माझं काळीज तुटलं.

दादाला मी खोटंच कळवलंय, मूर्ती साहेबांना फार आवडली म्हणून. परवा ती माझ्याकडेच बसेल. ते डोळे मात्र तू येऊन नीट करू नकोस.

खाट मी चढवलेली नाही. ये, आणि हवं तितकं रड. माझ्या घरात कोपरे पुष्कळ आहेत.

तुझीच,
मालूआत्या