तिसरी हाक

जावईबापू मोदुरू यांस,

हे पत्र चिनी छावणीत कोण पोचवणार, आणि तू तिथे जिवंत तरी आहेस का, कुणास ठाऊक.

आपल्या गोगुर्यो राज्यात लग्नाच्या दिवशी जावई सासऱ्याच्या दारी गुडघे टेकतो, नाव सांगून आत घ्या म्हणतो आणि तिसऱ्या हाकेला दार उघडतं. तू घाईघाईत चार हाका मारल्या होत्यास.

काल किल्ल्याच्या दरवाजावर माझा पहारा होता. चीनच्या तांगांच्या फौजेनं धरून नेलेला तू सहा महिन्यांनी एकटाच आलास. अंगरखा नवा, गाल भरलेले. कैद्याला एवढं खायला कोण घालतं?

तू गुडघे टेकलेस. "मामंजी, मी मोदुरू, आत घ्या!" दोनदा ओरडलास. खाली सोबी अडसराला हात लावून उभी. "बाबा, तिसरी हाक आली की मी उघडणार हं!"

ती हाक आलीच नाही. तू तोंड मिटून माझ्याकडे बघत राहिलास. मला वाटलं, शत्रूनं पढवलेला पोपट पुढचं विसरला. मी बाण सोडला. तू कोसळलास, तसे मागच्या बोरूच्या बेटातून शेकडो तांग शिपाई उठले आणि तुला ओढत घेऊन गेले. तू हाक गिळलीस ती का, ते तेव्हा कळलं.

सोबीला सांगितलंय, बाण तांगांचा होता. आज भात वाढताना तिनं विचारलं, "बाबा, मी फटीतून बघत होते. आधी हे पडले, की आधी शिपाई उठले?"

भात तसाच पुढ्यात आहे.

तुझा सासरा,
ओन्गुल