आंबट कुठल्या प्रांताचं?

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजी पथ्य पाळतात की अजून डबे हुंगत फिरतात? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून. आई गेल्यावर तू सगळ्यांना जेवायला बोलावलंस, तेव्हा ‘डाळीचं आंबट आईसारखं झालं नाही’ एवढंच मी म्हणालो, आणि तू दोन वर्षं अबोला धरलास. तो विषय मी काढत नाही. (काढला तर चूक तुझीच निघेल.) पण आज जे झालं ते समजेल असं दुसरं माणूस मला उरलेलं नाही, म्हणून नाइलाजाने लिहितोय.

आमच्या पाणीमीटर दुरुस्तीच्या वर्कशॉपला नवीन साहेब म्हणून एक बाई आल्या आहेत. त्यांना शोध लागला की आमच्या बावीस माणसांत नऊ प्रांतांचे लोक आहेत. झालं! वीस वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यात हात घालतोय, तेव्हा कुणाला प्रांत आठवला नव्हता. लगेच नोटीस लागली, की शुक्रवारी प्रत्येकाने आपल्या प्रांताचा पोशाख घालून, आपल्या प्रांताचा पदार्थ घेऊन यावं. मीटर तपासायच्या लांब टेबलावर चादरी पसरल्या, प्रांताप्रांताच्या पाट्या उभ्या केल्या, आणि दिवसभरात एक मीटर कुणी उघडेल तर शपथ. वॉचमनची आई एका प्रांताची, बाप दुसऱ्याचा, तर बिचाऱ्याला टोपी बदलून अर्धा अर्धा तास दोन्ही पाट्यांखाली उभं केलं. टायपिस्टबाई जन्मापासून याच गावातल्या. त्यांनी बेकरीतून केक आणला, तर त्यांच्यासाठी पाटीच नाही! त्या आपल्या खिडकीपाशी केक हातात धरून उभ्या. असला चावटपणा!

आता आपला प्रांत कुठला सांगायचा? अण्णांच्या बदल्यांपायी आपण सात गावं फिरलो. मी सरळ आईच्या माहेरचा प्रांत लिहून दिला आणि आईचं आंबट करायचं ठरवलं. भल्या पहाटे उठलो. बायकोला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. (नंतर तिला ते टाकताही येईना, इतकी डाळ सांडली होती.) डाळ, कच्चे टोमॅटो, गूळ, वरून मोहरीची फोडणी. पातेलं मांडीवर घेऊन बसने गेलो, त्यात पँटवर हा एवढा पिवळा डाग पडला. बाईंना तो आमचा पारंपरिक पोशाख वाटला आणि त्यांनी फोटो काढून घेतला.

इथवर मी सहन केलं. पण आमच्याकडे एक फिटर आहे, सगळे त्याला कानस म्हणतात, कारण माणूस दिसला की तो घासायला लागतो. तो नेमका आईच्या माहेरचा निघाला. त्याने एक चमचा तोंडात घातला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, की असलं आमच्याकडे कुणी करत नाही. म्हणे आमच्याकडे रानातलं आंबट फळ घालतात, टोमॅटो कसला, आणि गूळ तर शिव शिव! माझी आई तिथे जन्मली, मी म्हटलं. तर म्हणतो, जन्मली असेल, पण हे आमचं नव्हे. आणि माझ्यासमोरची पाटी उचलून त्याने स्वतःच्या भांड्यापुढे ठेवली! कोण कुठला टिकोजीराव, माझ्या आईचं रांधणं खोटं ठरवणार? माझं टाळकंच सरकलं. मी पाटी धरली, त्याने ओढली, पाटी मोडली, माझं कोपर पातेल्याला लागलं आणि सगळं आंबट बाईंच्या चपलांवर. आता मी लेखी खुलासा द्यायचा आहे.

संताप संताप करत घरी आलो तेव्हा आठवलं. आईला माहेरचं ते फळ कुठल्याच बदलीच्या गावात मिळालं नाही, म्हणून तिने टोमॅटो घातले. गूळ तिसऱ्या गावात आला, फोडणी पाचव्या गावातल्या शेजारणीची. म्हणजे कानस खरं बोलत होता, मेला! आपलं आंबट कुठल्याच प्रांतात होत नाही. ते आपल्या घरात व्हायचं आणि आपण चौघं खायचो. त्यातले अण्णा गेले, आई गेली. उरली दोन माणसं, आणि त्यातलं एक दुसऱ्याशी बोलत नाही. हे काय वागणं झालं, ताई?

तुझा (मान किंवा नको मानूस)
धाकटा भाऊ

ता. क. खुलाशाचं मी बघून घेईन. तू फक्त एवढं कळव, टोमॅटो पूर्ण हिरवे घ्यायचे की जरा लाली आलेले? आणि गूळ फोडणीच्या आधी की नंतर? कानसाचं सोड, पण बशीत चाखून बघितलं तेव्हाच मला कळलं होतं की आईसारखं काही झालेलं नाही.

आणखी एक ता. क. कृती लिहून पाठवू नकोस, मला जमणार नाही. रविवारी तूच ये. भावजींना आणलंस तरी चालेल.

शेवटचा ता. क. त्या दिवशी तुझं आंबट अगदी आईचं झालं होतं. पहिल्याच घासाला आई शेजारी येऊन बसल्यासारखी वाटली. समोर तुझ्या सासरची चौदा माणसं जेवत बसलेली, त्यांच्यापुढे रडायची लाज वाटली, म्हणून तोंडाला येईल ते बोललो. खरं तर मला आणखी वाढून घ्यायचं होतं.