आईजवळची खुर्ची

४ जुलै, सकाळ

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. माझी तब्येत बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. गुडघे कुरकुरतात, दात शाबूत आहेत, आणि जीभ कशी आहे ते तुला ठाऊकच आहे.

तुझं पत्र वाचून डोकं सणकलं. रोज सकाळी एक फूल समोर ठेवून मी ते पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर जलरंगात काढते. वाळलं की मागे आईचा पत्ता घालते आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येते. निवृत्तीनंतर कुणाच्याही हुकुमाशिवाय मी करते असं हे एकच काम. त्यावर तू विचारतेस, ‘ताई, तू आईला फुलं आधीच कळवतेस का?’ कशी कळवणार? कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधून? टेलिफोन तर मी घरात घेतलेलाच नाही. एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारा जोडल्या, तेवढं पुरे झालं.

म्हणे आई संध्याकाळी पलंगाशेजारच्या खुर्चीकडे बघून एका फुलाचं नाव घेते आणि काही दिवसांनी नेमकं तेच फूल टपालाने येतं. डेलिया म्हणाली, डेलिया आला. सदाफुली म्हणाली, सदाफुली आली. अगं, आईला नावं येतात किती? अंधारात खडे मारत राहिलं की एखादा लागायचाच. जिला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, तिला माझं उद्याचं फूल कसं कळेल? ते मलाच माहीत नसतं. कॉन्व्हेंटमध्ये चित्रकलेच्या सिस्टर सांगायच्या, समोर आहे तेच काढायचं, मनातलं काढलं तर ती थाप. आणि थापेला पट्टी. ती पट्टी माझ्या बोटांना अजून आठवते. म्हणून मी आदल्या दिवशी काही ठरवत नाही. सकाळी उठते, बाहेर पडते, दिसेल ते फूल आणते.

तेव्हा हा नॉनसेन्स बंद कर. नाहीतर पुरावा दे. आई ज्या संध्याकाळी नाव घेईल, त्याच संध्याकाळी मला पत्र टाक. शिक्क्यावरची तारीख खोटं बोलत नाही.

‘येऊन स्वतः बघ’ म्हणतेस. बघू. बसचा प्रवास, हे गुडघे, त्यात घराला रंग द्यायचाय. मागच्या खेपेला आले होते की. तेवढं पुष्कळ झालं.

तुझी,
ताई

१५ जुलै

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. इथे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तुझं पाकीट आलं. शिक्का मी भिंगाखाली धरून पाहिला.

ते यायच्या आधीच एका सकाळी मी मुद्दाम फुलवालीसमोर डोळे मिटून उभी राहिले आणि म्हटलं, दे तुला वाटेल ते. ती म्हणाली, “वाटेल ते म्हणजे काय बाई? लग्नाला पाहिजे की मयताला?” म्हटलं, चित्राला. “मग शिळं चालेल की!” आणि तिने माझ्या हातात काहीतरी कोंबलं. डोळे उघडले तर कर्दळ, कडेने काळवंडलेली.

आणि आदल्या संध्याकाळच्या शिक्क्याच्या तुझ्या पत्रात आईचे शब्द: ‘उद्या डोळे मिटून घेणार आहे वेडी. कर्दळ. तीही शिळी.’

मी पत्र पालथं घातलं आणि उगाचच भांडी घासत बसले. घासलेलीच होती.

पुढचं तर त्याहून वाईट. आई खुर्चीला म्हणाली, ‘जांभळ्यात पाणी जास्त झालं, आता त्यावर पान काढ.’ पेटुनियाचं कार्ड तुझ्याकडे पोचलं असेल, तर खालच्या कोपऱ्यातलं मोठं पान बघ. त्या पानाखाली ओघळलेला जांभळा रंग आहे. रंग पसरला तेव्हा मी एकटी होते, आणि पान काढून तो झाकला हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. आईचे शब्द त्याच्याही आदल्या संध्याकाळचे.

बरं, हे सगळं मी गिळलं असतं. पण तू पुढे लिहिलंस, की ती त्या रिकाम्या खुर्चीला ‘मिरचे’ म्हणून, माझ्या लहानपणच्या नावाने, हाक मारते. लाडाने. हसून.

मागच्या खेपेला त्याच खुर्चीत मी बसले होते. हाडामांसाची, दिवसभर बसचे धक्के खाऊन आलेली. तेव्हा ती काय म्हणाली, आठवतं? ‘या नर्सबाई कोण गं? यांचं काम झालं असेल तर जाऊ दे यांना.’ तू हसलीस. मीही हसले. स्टँडपर्यंत हसत गेले. मी का येत नाही, हे तू दर पत्रात विचारतेस ना? आता विचारू नकोस.

रिकामी खुर्ची तिची मिरची, आणि मी नर्सबाई! ही कुठली तोतया माझ्या जागी येऊन बसली आहे? मी इथे मान मोडून रंगवायचं आणि तिथे लाड तिने करून घ्यायचे! तिला मी फुकट फुलं पुरवणार नाही. आजपासून कार्डं बंद. बघू ती कशी बसते ते.

शेजारीणही आजच भांडून गेली. म्हणे संध्याकाळी माझ्या खिडकीत दिवा असतो, ती बेल वाजवून वाजवून दमते आणि मी दार उघडत नाही. मी टेबलाशीच होते. बेल वाजलीच नाही. लोकांना हल्ली काहीही भास होतात.

तुझी,
ताई

२९ जुलै

धाकटे,

आईने पेज घेतली, हे वाचून जिवात जीव आला. आधी तेच लिहिते. बाकीचं मग.

कार्डं बंद झाल्यावर ती खुर्चीकडे बघत पडून राहिली, घास घेईना, तुझ्या हातचं पाणी घेईना, ‘मिरची रागावली, मी काय केलं तिचं?’ एवढंच म्हणत राहिली. हे तुझ्या पत्रात वाचलं त्या दिवशी माझा राग कुठे गेला कळलं नाही. दुसऱ्या सकाळी कुंपणावरची जास्वंद तोडली आणि रंगवायला बसले. पाकळ्यांच्या कडा फाटल्यासारख्या आल्या, तरी टाकली पेटीत.

कार्ड पोचायला अजून अवकाश होता. तरी त्याच संध्याकाळी ती जेवली. तू वाटी घेऊन आत गेलीस तेव्हा खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलं होतं, अंबाडा माझ्यासारखा एका बाजूला कललेला, आणि आईने तिचा उजवा हात दोन्ही हातांत धरला होता. तू म्हणालीस, ‘ताई, कधी आलीस?’ आणि खुर्ची रिकामी झाली. स्टुलावर ग्लासाच्या बुडाचं ओलं, निळसर कडं राहिलं.

आता माझं ऐक. त्या संध्याकाळी मी ब्रश धुवायला टेबलाशी बसले होते. बसले ते आठवतं. मग शेजारीण माझा खांदा हलवत होती. तिच्याजवळ माझी किल्ली असते.

“कुठे होतात?” तिने विचारलं. तिचा चेहरा पांढराफटक होता.

“इथेच.”

“नव्हतात हो बाई. मी मघाशी येऊन गेले. दिवा चालू, ब्रश ओला, खुर्ची रिकामी. घरभर हाका मारल्या. आता परत आले तर तुम्ही बसलेल्या!”

मी तिला म्हटलं, चष्म्याचा नंबर तपासून घे. ती गेल्यावर ग्लासाकडे पाहिलं. पाणी निळं होतं. सकाळपासून मी निळ्याला हात लावला नव्हता. आणि माझा उजवा हात कोमट होता, कुणीतरी बराच वेळ धरून ठेवल्यासारखा. डावा गार.

तो हात मी तसाच मांडीवर ठेवून बसले. धाकटे, आईने माझा हात शेवटचा कधी धरला होता, ते मला आठवेना.

तेव्हा ती तोतया नाही. तिला मी नाही नाही ते बोलले, ते मागे घेते.

फुकट मात्र काही मिळत नाही, हेही दिसू लागलंय. परवा फुलवालीने मला ओलांडून मागच्या माणसाला आधी फुलं दिली. “मी काय खांब आहे का?” असं ओरडले तेव्हा दचकली. म्हणाली, “अगोबाई, तुम्ही कधी आलात?” काल पोस्टमन माझ्या दारात उभा राहून माझ्या तोंडासमोर म्हणाला, “घरात कुणी नाही वाटतं.” त्याचा मी चांगला उद्धार केला. पण घरात येऊन आरसा काही पाहिला नाही.

तू म्हणतेस, ‘ताई, हे जिवावर बेतेल. कार्डं थांबव आणि तू खरीखुरी ये.’ येईन, आणि मग? मी दारात उभी राहीन ती नर्सबाई म्हणून. खुर्ची रिकामी होईल. ती पुन्हा विचारेल, मिरची कुठे गेली, आणि तू माझ्याकडे बोट दाखवशील आणि ती मान फिरवेल. ते मी एकदा पाहिलंय. पुन्हा बघणार नाही, आणि तिलाही तो उपास घडवणार नाही. तिच्या शेवटच्या दिवसांत तिची थोरली तिच्याजवळ बसलेली असू दे. कशी का बसेना.

आज शेवंती काढली. पांढरी. पांढरी काढताना फूल रंगवायचं नसतं, त्याच्याभोवतीचं सगळं रंगवायचं आणि फुलाची जागा कोरी सोडायची. बरी जमली आहे. आई काय म्हणाली ते कळव.

खुर्ची भिंतीपासून थोडी पुढे ओढ, पाठीला वारा लागतो. आणि तू आता खुर्चीतलीला हाक मारू नकोस, तुझ्या हाकेने ती उठते. ती आईनेच मारावी.

एखाद्या दिवशी कार्ड येणार नाही आणि तरीही खुर्चीत कुणी बसलेलं दिसेल. त्या दिवशी इकडे कुणाला चौकशीला पाठवू नकोस. शेजारणीलाही मी तसंच सांगून ठेवते. रडायचंही नाही. वाटी भरून आत ने, दोघींसाठी.

तुझी,
अजून तरी इथली,
ताई